स्वयंचलित ट्रक आणि ड्रायव्हर : ताब्याची देवघेव कशी रचायची

घर बदलताना दोघांनी मिळून लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवलं असेल, तर हा संवाद तुम्हाला पाठ असेल. "धरलंस का?" "थांब जरा... हां, धरलं." "सोडू?" "सोड." चार वाक्यं. यातलं एक जरी गाळलं तरी कुणाचं तरी बोट चेमटतं.

स्वयंचलित ट्रकच्या केबिनमधला सगळा इंटरफेस, म्हणजे ट्रक आणि ड्रायव्हर ज्यांतून एकमेकांशी बोलतात ते पडदे, बटणं आणि आवाज, हाच संवाद आहे. फक्त कपाट चाळीस टनांचं आहे, ते ताशी ८० किलोमीटरने पळतंय आणि एका टोकाला धरणारा माणूसच नाही. पडदा किती इंची असावा, चिन्हं निळी की हिरवी, यावर बैठका तासन्‌तास रंगतात. 'धरलं' हे कोण, कधी आणि कशाच्या जोरावर म्हणणार, यावर मात्र कुणी फार बोलत नाही. हा लेख त्यावर आहे.

उदाहरण एकच धरतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही : जर्मनीतल्या ऑटोबानवर धावणारा, सेमी-ट्रेलर जोडलेला मालट्रक. तिथे ट्रकला ताशी ८० ची मर्यादा आहे आणि ताबा देण्या-घेण्याचे नियम संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत सेकंदांपर्यंत लिहिलेले आहेत. चाकण-हिंजवडीत बसून युरोपातल्या गाड्यांचे डॅशबोर्ड घडवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हे नियम रोजच्या कामात भेटतात, हेही एक कारण.

पहिली पायरी : पडदा काढण्याआधी जबाबदारी लिहा

वाहन-अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवल्या आहेत. आपल्या कामाच्या तीन. दुसऱ्या पातळीवर ट्रक लेनमध्ये राहतो आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखतो. पण रस्त्यावर नजर ठेवायची ड्रायव्हरनेच. तिसऱ्या पातळीवर ठरावीक परिस्थितीत नजर ठेवण्याचं कामही ट्रकच घेतो. ड्रायव्हरने हाक आली की हजर व्हायचं. चौथ्या पातळीवर हाकेला कुणी येईल ही अपेक्षाच नाही. अडचण आली तर ट्रकने आपलं आपण सुरक्षित थांबायचं.

गोची अशी आहे की दुसरी आणि तिसरी पातळी सीटवर बसलेल्याला अगदी सारखी वाटते. दोन्हीत स्टेअरिंग आपोआप हलतं, ब्रेक आपोआप लागतो. पण दुसऱ्या पातळीवर कागदपत्रं चाळणं जिवावर बेतू शकतं आणि तिसऱ्या पातळीवर ते चालतं. शरीराला न जाणवणारा हा फरक डोळ्यांना आणि कानांना जाणवून देणं, हे इंटरफेसचं पहिलं काम.

म्हणून कुठलंही चित्र काढण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक मोडसाठी ड्रायव्हरच्या तोंडचं एकच वाक्य लिहा :

- गाडी मी चालवतोय.
- गाडी मदत करतेय, पण नजर माझी.
- गाडी चालवतेय. हाक मारली की मी हजर.
- गाडी थांबायला निघालीय.

सॉफ्टवेअरच्या पोटात अवस्था कितीही असोत, ड्रायव्हरला दिसणाऱ्या या चारच. पाचवं वाक्य लिहावंसं वाटलं तर ते चौघांपैकी कुणाचं तरी भावंड आहे का ते तपासा. बहुतेक वेळा असतंच. मग ते भावंडात मिसळून टाका. "लेन-मदत चालू, अंतर-मदत बंद" असे उपप्रकार इंजिनिअरला प्रिय असतात. ड्रायव्हरच्या लेखी त्या सगळ्यांचा अर्थ "नजर माझी" एवढाच.

त्याच कागदाच्या मागे प्रत्येक मोड कुठे संपतो ते लिहा. दाट पाऊस, बांधकामाची लेन, ऑटोबानवरून बाहेर पडायचा फाटा. सीमा लिहिताना ड्रायव्हरला काचेतून दिसेल अशीच गोष्ट लिहायची. "कॅमेऱ्याचा विश्वासांक घसरल्यास" हे वाक्य चाचणी-अहवालात शोभतं. ड्रायव्हरला "लेनचे पट्टे दिसत नाहीत" हे कळतं.

दुसरी पायरी : केबिनमध्ये दिवस काढा

ट्रक म्हणजे मोठी मोटार, हा समज घेऊन जो बसतो तो फसतो. मोटारीसाठी केलेला इंटरफेस ताणून मोठा केला की ट्रकचा होत नाही, आणि याची कारणं दिवसभर शेजारच्या सीटवर बसल्याशिवाय उमगत नाहीत.

सीटपासूनच बघा. ट्रकची सीट हवेच्या फुग्यावर तरंगते. मोटारीच्या सीटमध्ये जी थरथर झटकन जाणवते ती इथे रस्त्याच्या हादऱ्यांत विरून जाऊ शकते. म्हणजे सीटमधून सूचना द्यायची तर तिचा ताल रस्त्याच्या हादऱ्यापेक्षा ठळक वेगळा हवा, आणि तो रिकाम्या ट्रेलरसह तपासायला हवा. कारण रिकामी गाडी जास्त उसळते.

मग नजर. मोटारीत मधला आरसा असतो. ट्रेलरवाल्याला त्याचा उपयोग नाही, मागे भिंतच असते. त्याची नजर दोन्ही बाजूंच्या आरशांकडे सतत जात असते. २०१८ मध्ये मर्सिडीजने नव्या अ‍ॅक्ट्रॉसमध्ये आरशांच्या जागी कॅमेरे आणि समोरच्या काचेच्या दोन्ही कडांच्या खांबांवर उभे पडदे दिले. असे खांब-पडदे असतील तर लेन बदलण्याचा इरादा तिथेच दाखवा, कारण त्या क्षणी ड्रायव्हर तिथेच बघणार आहे. मधल्या टचस्क्रीनवर बाण नाचवून काही साधत नाही.

माल हा तिसरा प्रवासी. अर्धवट भरलेल्या टँकरमधला द्रव ब्रेक लागल्यावरही पुढे-मागे लाटा मारत राहतो. उंच रचलेला माल एका झटक्यात कलतो. म्हणजे घाबरून स्टेअरिंगला हिसका देणारा ड्रायव्हर मोटारीत निभावून जाईल. इथे ट्रेलर झोकांडी खाईल. सूचना दचकवणारी असेल तर ती सूचनाच अपघाताचं कारण ठरते. हे वाक्य भिंतीवर लावण्यासारखं आहे.

आणि घड्याळ. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे; दिवसाला गाडी चालवायची ती साधारण ९ तासच. टॅकोग्राफ हे सगळं नोंदवतो आणि मुदत जवळ आली की तोही चेतावणी देतो. आता कल्पना करा : टॅकोग्राफ विश्रांतीसाठी ओरडतोय, त्याच मिनिटाला स्वयंचलित मोडची हद्द संपतेय आणि फ्लीटच्या टॅबलेटवर ऑफिसचा संदेश आलाय. तिन्ही यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेली. एकमेकांची गाठ त्यांनी घेतलेलीच नसते. तुमच्या आराखड्यात यांच्यातला पंच कोण हे लिहिलेलं नसेल तर पंचाचं काम ड्रायव्हरवर पडतं, तेही नेमक्या नको त्या क्षणी.

ड्रायव्हरांशी बोलताना "तुम्हाला काय आवडेल?" असं विचारू नका, लोक भिडेखातर काहीही सांगतात. "शेवटचं कधी ही सिस्टिम बंद केली? कुठे? का?" असं विचारा. बांधकामाच्या अरुंद लेनमध्ये पट्टा ओलांडल्याची सूचना सारखी वाजते म्हणून ती बंद केली, आणि मग आठवडाभर बंदच राहिली, अशा तऱ्हेचं उत्तर दहा प्रश्नावल्यांपेक्षा मोलाचं.

तिसरी पायरी : मोड एका नजरेत कळला पाहिजे

इथे ट्रक सोडून जरा विमानाकडे वळतो, कारण ही चूक विमानवाल्यांनी आपल्या आधी केली आणि तिची जबर किंमत मोजली. २० जानेवारी १९९२ रोजी एअर इंटरचं ए-३२० विमान फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गजवळ डोंगरावर कोसळलं. ८७ माणसं गेली. तपासात पुढे आलेली ठळक शक्यता अशी : उतरण्याचा वेग आणि उतरण्याचा कोन, दोन्हीसाठी बटण एकच होतं, फक्त मोड वेगळा. वैमानिकांना ३.३ अंशांचा कोन द्यायचा होता. विमानाने तो मिनिटाला ३,३०० फूट असा घेतला. पडद्यावर दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखेच दिसत. पुढे उतरण्याचा वेग चार आकडी दाखवायला सुरुवात झाली, म्हणजे दोहोंत गल्लत होऊ नये. पडद्यावरचे दोन आकडे वाढवणं, इतकीच ती दुरुस्ती.

ट्रकसाठी यातून तीन कामाच्या गोष्टी निघतात.

मोड दाखवणारी खूण एकट्या रंगावर अवलंबून ठेवू नका. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्क्यांना लाल-हिरव्याची गल्लत होते, आणि ट्रक चालवणारे बहुतांश पुरुष आहेत. रंग, आकार आणि जागा, तिन्ही बदललं पाहिजे. "नजर माझी" या मोडची खूण डॅशबोर्डवर, वेगाच्या काट्याशेजारी. "गाडी चालवतेय" झालं की स्टेअरिंगच्या कडेवरची पट्टी उजळते. डॅशबोर्डवरची खूण आणि स्टेअरिंगवरचा उजेड यांत गल्लत होणं कठीण.

दुसरी गोष्ट, ट्रकला काय दिसतंय त्याची अख्खी जत्रा पडद्यावर भरवू नका. आसपासच्या प्रत्येक गाडीचा त्रिमितीय ठोकळा फिरताना पाहून गुंतवणूकदार खूश होतात. ड्रायव्हरला तीनच प्रश्न पडतात : हा काय करतोय, का करतोय, आता पुढे काय करणार? वेग कमी होताना "पुढे संथ गाडी" एवढं चिन्ह आलं की तो निवांत होतो. कारण न सांगता ट्रक मंदावला की त्याचा पाय ब्रेककडे जातो आणि विश्वास तिथेच तडकतो.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित : मोड अजून किती वेळ टिकणार ते दाखवा. "आणखी १४ मिनिटं." एवढ्या एका आकड्यावर ड्रायव्हर ठरवतो की डबा आत्ता उघडायचा की नंतर. चौदाचे एकदम तीन झाले तर तेही कारणासकट दिसू द्या : "पुढे पाऊस."

चौथी पायरी : ताबा घेण्याची संहिता सेकंदासेकंदाने लिहा

आता कपाटाकडे येऊ. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५७ हा लेनमध्ये राहून गाडी चालवणाऱ्या तिसऱ्या पातळीच्या यंत्रणांसाठी आहे. २०२० मध्ये तो मंजूर झाला, जानेवारी २०२१ पासून लागू झाला. सुरुवातीला मोटारींसाठी, ताशी ६० पर्यंत. पुढे तो ट्रक-बसपर्यंत विस्तारला आणि मोटारींसाठीची वेगमर्यादाही वाढली. त्यातला कणा असा : यंत्रणेने ताबा घ्यायची मागणी केली की उशिरात उशिरा चौथ्या सेकंदाला ती अधिक तीव्र व्हायला हवी. ड्रायव्हर आलाच नाही तरी मागणीपासून साधारण दहा सेकंदांच्या आत यंत्रणेने थांबण्याची प्रक्रिया सुरू करायची नाही. तोवर तिनेच गाडी सांभाळायची. अचानक गंभीर बिघाड झाला तर गोष्ट वेगळी. थांबायला सुरुवात केली की चारही इंडिकेटर लागलेच पाहिजेत.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. दहा सेकंदांत ट्रक २२० मीटर पुढे गेलेला असतो. एवढा वेळ पुरतो का? एरिक्सन आणि स्टँटन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिम्युलेटर-अभ्यासात, घाई नसताना ताबा घ्यायला लोकांना १.९ पासून २५.७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. सरासरी काढून तिच्यावर इमारत बांधू नका. पंचवीस सेकंदवाला ड्रायव्हरही उद्या त्याच सीटवर बसणार आहे. शिवाय हा वेळ स्टेअरिंगला हात लावण्याचा. हात लागला म्हणजे परिस्थिती कळली असं होत नाही. उजव्या आरशात कोण आहे, मागचा किती जवळ आहे, हे डोक्यात बसायला आणखी वेळ जातो.

म्हणून ज्या हद्दी आधी माहीत आहेत, उदाहरणार्थ फाटा किंवा बांधकाम, त्यांच्यासाठी दहा सेकंदांवर विसंबायचंच नाही. मी अशी संहिता लिहितो :

- पंधरा मिनिटं आधी : फक्त आकड्याचा रंग-आकार बदलतो. आवाज नाही.
- दोन मिनिटं आधी : एक मऊ स्वर आणि "फाटा येतोय". सीट मागे घेतली असेल तर ती पुढे आणायची हीच वेळ.
- तीस सेकंद आधी : ड्रायव्हरला दोन्ही आरसे बघायचं आमंत्रण, खांब-पडद्यांच्या कडा हलक्या उजळतात.
- मागणी : स्टेअरिंगवर हात धरल्याचं चिन्ह, स्पष्ट स्वर. गाडीच्या पडद्यावर सिनेमा चालू असेल तर तो इथे आपोआप बंद. नियम १५७ हेच सांगतो.
- चार सेकंदांनी : स्वर तीव्र, सीट किंवा स्टेअरिंगमध्ये थरथर.
- प्रतिसादच नाही : "गाडी थांबायला निघालीय."

आता सगळ्यांत नाजूक क्षण, "सोडू?" "सोड." यंत्रणेने सोडायचं कधी? नुसता हात लागला म्हणून सोडलं तर झोपेत हात पडलेल्या माणसाच्या स्वाधीन ट्रक केला असं होईल. नियमातली कल्पना चांगली आहे : हात स्टेअरिंगवर हवेत, आणि ड्रायव्हरचं लक्षही रस्त्याकडे असल्याची खात्री हवी. ते लक्ष नजर समोर आहे का, आरशांकडे आहे का, यावरून ओळखता येतं. दोन्ही जुळलं की यंत्रणा सोडते. सोडताना एक वेगळाच, इतर कुठेही न वापरलेला स्वर वाजवा, आणि स्टेअरिंगवरचा उजेड विझवा. "सोडलं" हे ऐकूही आलं पाहिजे, दिसलंही पाहिजे.

ड्रायव्हरने घाबरून जोरात हिसका दिला तर? तेव्हाही ताबा त्याचाच, यात वाद नाही. पण उसासा टाकताना कोपर लागला म्हणून मोड तुटता कामा नये. किती जोर लागला की 'हिसका' म्हणायचं, हा आकडा ट्रेलरसह, मालासह, ओल्या रस्त्यावर ठरवावा लागतो. मोटारीवरून उचलून आणलेला आकडा इथे चालत नाही.

भाषेचंही पाहा. जर्मन रस्त्यांवर पोलंड, लिथुआनिया, रोमानियाचे ड्रायव्हर मोठ्या संख्येने आहेत. एकाच ट्रकवर आज एक, परवा दुसरा. वाक्यं दोन-तीन शब्दांची, चिन्हं आधी, आणि भाषा ड्रायव्हर टॅकोग्राफमध्ये घालतो त्या कार्डासोबत आपोआप बदलणारी. मेनूत सातव्या पायरीवर दडलेली नको.

पाचवी पायरी : उलटा ताबा, म्हणजे यंत्राचं "धरलं"

माणसाकडून यंत्राकडे ताबा जाणं सोपं वाटतं. बटण दाबलं, झालं. पण यंत्र तयार नसतानाच "धरलं" म्हणालं तर काय होतं, ते ६ एप्रिल २०२२ ला अ‍ॅरिझोनात टूसॉनजवळ दिसलं. आय-१० महामार्गावर टूसिम्पल कंपनीचा ट्रक अचानक डावीकडे वळला आणि काँक्रीटच्या कठड्यावर घासला. केबिनमध्ये सुरक्षा-ड्रायव्हर होता. कंपनीच्या अंतर्गत अहवालातून बाहेर आलेली माहिती अशी की यंत्रणा नीट पुन्हा सुरू झालेली नसताना ती चालू करण्यात आली, आणि तिने सुमारे अडीच मिनिटं जुनी, डावीकडे वळण्याची आज्ञा अमलात आणली. कंपनीने मानवी चुकीकडे बोट दाखवलं.

मला त्यात मानवी चूक दिसत नाही; दिसतं ते न लिहिलेलं एक वाक्य. बटण दाबल्यावर यंत्राने आधी स्वतःला विचारायला हवं होतं : मी खरंच धरलंय का? तुमच्या आराखड्यात हे नियम ठळक लिहा. तयारीच्या सगळ्या तपासण्या होईस्तोवर बटण मंद दिसावं आणि दाबलं तरी काही होऊ नये. नकार देताना कारण सांगावं : "पुन्हा सुरू होतेय, ४० सेकंद." मोड तुटला त्या क्षणी आधीच्या सगळ्या आज्ञा पुसल्या जाव्यात. आणि चालू करायला दोन्ही अंगठ्यांनी दोन बटणं एकदम दाबावी लागावीत, म्हणजे कोपराने किंवा पोराच्या बोटाने मोड लागणार नाही.

सहावी पायरी : आवाज मोजूनमापून

आपल्या एसटीत कंडक्टरकडे एकच दोरी असते. एक घंटा म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. खचाखच भरलेल्या गाडीत, आरडाओरड्यात, पन्नास वर्षांचा असो की नवखा, ड्रायव्हर कधी गोंधळत नाही. शब्दकोश दोन शब्दांचा आहे आणि राज्यभर तो एकच आहे म्हणून.

तुमच्या ट्रकचा शब्दकोश आधी मोजा. सीटबेल्ट, टॅकोग्राफ, लेन, पुढची टक्कर, हवेचा दाब, मागचा दरवाजा, टॅबलेट, फोन. प्रत्येक आवाज रेकॉर्ड करून एका मागोमाग ऐकवा आणि ड्रायव्हरला विचारा, हा कशाचा? निम्मे ओळखता आले नाहीत तर नवीन आवाज घालण्याआधी जुने काढा. ताबा घ्यायच्या हाकेसाठी राखून ठेवलेला स्वर दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही. मग सेल्सवाल्यांनी कितीही गळ घातली तरी.

सातवी पायरी : ड्रायव्हरवर नजर, पण उघडपणे

यंत्राला "धरलंस का?" विचारायचं तर समोरचा जागा आहे का हे कळायला हवं. नियम १५७ ची पद्धत अशी आहे की डोळ्यांची उघडझाप, डोक्याची हालचाल, नियंत्रणांना स्पर्श अशा निकषांपैकी किमान दोनांनी गेल्या ३० सेकंदांत ड्रायव्हर हजर असल्याची साक्ष दिली पाहिजे. सीट रिकामी झाली किंवा बेल्ट सोडला की लगेच ताबा घ्यायची मागणी निघते.

याची दुसरी बाजू १८ मार्च २०१८ ला अ‍ॅरिझोनातल्याच टेंपे शहरात दिसली. उबरच्या स्वयंचलित चाचणी-मोटारीखाली रस्ता ओलांडणारी महिला मरण पावली. गाडीतली ऑपरेटर मोबाइलकडे बघत होती, यावर खूप लिहिलं गेलं. अमेरिकेच्या तपास संस्थेने मात्र हेही नोंदवलं की यंत्रणेला समोर काहीतरी आहे हे ५.६ सेकंद आधी कळलं होतं. ते काय आहे याबद्दल तिचं मत बदलत राहिलं, आणि ऑपरेटरला आवाज ऐकू आला तो धडकेच्या ०.२ सेकंद आधी. यंत्राला शंका आली की त्याने ती बोलून दाखवायला शिकलं पाहिजे. "नक्की काय ते कळत नाही, समोर बघ" ही सूचना आपल्या चार मोडांपैकी दुसऱ्याची आहे. ती संहितेत हवी. माणसाला तासन्‌तास काहीही न करता नुसतं टक लावून बसायला सांगणं हेच मुळात त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे, हे मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं.

कॅमेरा लावताना ड्रायव्हरच्या मनातला पहिला प्रश्न सुरक्षेचा नसतो. "हे शेठ बघणार का?" हा असतो. काय रेकॉर्ड होतं, काय फक्त त्या क्षणापुरतं वापरून टाकून दिलं जातं, आणि कुणाला दिसतं, हे केबिनमध्येच, त्याच्या भाषेत लिहा. नाहीतर कॅमेऱ्यावर टोपी पडलेली आढळेल.

आठवी पायरी : केबिन रिकामी असेल तेव्हा

चौथ्या पातळीवर ड्रायव्हर उतरतो, पण संवाद संपत नाही. पलीकडचा माणूस बदलतो. एप्रिल २०२५ अखेर ऑरोरा कंपनीने टेक्सासात डॅलस आणि ह्यूस्टनदरम्यान ड्रायव्हरविना मालवाहतूक सुरू केली; मे महिन्यात ट्रक बनवणाऱ्या पॅकारच्या विनंतीवरून पुन्हा एक निरीक्षक समोरच्या सीटवर बसवला. अशा ट्रकसाठी दूर बसलेल्या मदतनिसाच्या हातात स्टेअरिंग देऊ नका; मध्ये सिग्नल तुटला तर काय? त्याच्याकडे प्रश्न जावा आणि उत्तर यावं : "हा अडथळा डावीकडून ओलांडू का?" "ओलांड." ओलांडण्याचं काम ट्रकचं.

गाडी स्वतः चालतेय हे रस्त्यावरच्या इतरांना कळावं म्हणून मर्सिडीजने मोटारींवर फिरोजी रंगाचे दिवे पुढे आणले. २०२३ अखेर कॅलिफोर्निया आणि नेवाडाने त्यांना परवानगी दिली. लहान गोष्टीही अडतात. अमेरिकेत बंद पडलेल्या ट्रकमागे दहा मिनिटांत त्रिकोण ठेवायचे असा नियम आहे. ठेवणार कोण? तुमच्या यादीत ही ओळ घाला, शिवाय ट्रक अडवणाऱ्या पोलिसाने कुठलं दार ठोठवायचं आणि कुणाशी बोलायचं, हीसुद्धा.

नववी पायरी : चाचणी, तीही कंटाळ्यासकट

सिम्युलेटरमध्ये दहा मिनिटं बसवून ताबा घ्यायला लावलं तर प्रत्येक जण हुशार ठरतो, कारण काहीतरी होणार हे त्याला ठाऊक असतं. निदान चाळीस मिनिटं काहीही घडू देऊ नका. व्यावसायिक ड्रायव्हरच घ्या. ऑफिसातले सहकारी नकोत. पहिल्या दिवसाइतकाच तिसऱ्या आठवड्याचा दिवस मोजा, कारण भीती सरते आणि मग अतिविश्वास येतो. जर्मनीत ट्रक बनवणारी 'मान' (MAN) आणि मालवाहतूक करणारी डीबी शेंकर या कंपन्यांनी म्युनिक-न्यूरेंबर्ग ए-९ वर ट्रकांचे ताफे १५ ते २१ मीटर अंतराने पळवले, तेव्हा फ्रेसेनियस विद्यापीठाने ड्रायव्हरांच्या मेंदूतल्या लहरीही मोजल्या. रस्त्यावरची खरी चाचणी ती अशी.

ताबा किती सेकंदांत घेतला याच्या जोडीला कसा घेतला ते बघा : पहिल्या पाच सेकंदांत ट्रेलर लेनमध्ये किती हलला, आरसे पाहिले का, ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागला का.

शेवटी पेन्सिल आणि कागद. तीन आठवडे ट्रक चालवलेल्या ड्रायव्हरला विश्रांतीच्या ४५ मिनिटांत चहा पाजा, डॅशबोर्डचे चार फोटो समोर ठेवा आणि प्रत्येकाखाली लिहायला सांगा : आत्ता ट्रक तुमच्याकडून काय अपेक्षा करतोय? पहिल्या पायरीत लिहिलेला कागद खिशात ठेवा, दाखवू नका. त्याचं वाक्य आणि तुमचं वाक्य जुळलं नाही तर त्याला समजावत बसू नका; फोटो बदला, आणि पुढच्या ड्रायव्हरला विचारा.